तीन जुने डेस्कटॉप घेऊ का?

कोल्हापुरातून एका वाचकांनी लिहिलं आहे. वय ५९, सहकारी बँकेतून गेल्या वर्षी निवृत्त, घर शुक्रवार पेठेत. वडिलांना गाण्याचा नाद होता. देवल क्लबच्या बैठका, गणेशोत्सवातले कार्यक्रम, ओळखीच्यांच्या घरच्या मैफली ते टेपरेकॉर्डरवर उतरवून घेत. अशा २०० च्या वर कॅसेटी आणि वाचकांनी स्वतः जमवलेल्या ३५० सीडी घरात आहेत. २०१९ च्या पुरात पाणी उंबऱ्याच्या आत आलं तेव्हा कॅसेटींची खोकी माळ्यावर चढवली, ती अजून तिथंच आहेत. हे सगळं गाणं एका ठिकाणी आणून घरातल्या कुठल्याही खोलीत ऐकता येईल असा म्युझिक सर्व्हर करायचा त्यांचा विचार आहे. राजारामपुरीतल्या ओळखीच्या दुकानात एका कार्यालयातून निघालेले, इंटेलच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचे डेस्कटॉप आलेत. एक ४,००० रुपयांना, तीन मिळून १०,५००. “एक चालवा, दोन सुट्ट्या भागांना ठेवा, दहा वर्षं बघायला नको की,” असं दुकानदाराचं म्हणणं. पुण्यातला मुलगा म्हणतो, सगळं फोनवर मिळतं, हा उपद्व्याप कशाला? पत्नी म्हणतात, घरघर करणारं आणखी एक डबडं घरात नको. ८४ वर्षांच्या आईनं टेपरेकॉर्डर बिघडल्यापासून गाणं ऐकणंच सोडलंय. वाचक विचारतात: तीन घेऊ का? इतक्या जुन्या यंत्रावर गाण्याचा दर्जा उतरेल का? की मुलाचं ऐकून विषय सोडून देऊ?

नमस्कार.

विषय सोडू नका. डेस्कटॉप मात्र एकच घ्या, आणि त्याचा सर्व्हर करण्याआधी त्याला वडिलांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या कामाला लावा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, विंडोज की लिनक्स यांवर दीड पान आहे आणि कॅसेटींवर चार ओळी. मला हे उलटं व्हायला हवं होतं. सर्व्हर आज नाही केला तर पुढच्या वर्षी करता येईल, डेस्कटॉप तेव्हा आणखी स्वस्त झालेले असतील. कॅसेटींचं तसं नाही. ४० वर्षांची टेप माळ्यावरच्या उन्हाळ्यात आणि पंचगंगेकाठच्या पावसाळी दमट हवेत पडून आहे. दर वर्षी ती थोडी खराब होतेच.

मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तेवढं मान्य करून टाका. तुमच्या ३५० सीडींपैकी बऱ्याच बाजारातल्या असणार. त्यातलं पुष्कळसं गाणं महिन्याच्या वर्गणीत फोनवर ऐकायला मिळतं. कधी एखादा अल्बम तिथून अचानक गायब होतो, जुन्या नाट्यसंगीताला भलत्याच गायकाचं नाव चिकटलेलं असतं, पण रोजच्या ऐकण्याला ते चालून जातं. वडिलांनी उतरवून घेतलेल्या मैफली मात्र कुठल्याच अ‍ॅपवर नाहीत. कोल्हापूर हे गाण्याचं गाव. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथं राहिले, भूर्जी खाँसाहेबांनी इथं शिकवलं, देवल क्लब तर १८८३ पासूनचा. अशा गावात ज्यांच्या घरी टेपरेकॉर्डर होता त्यांनी जे उतरवून घेतलं, त्याची दुसरी प्रत बहुतेक वेळा नसतेच. म्हणून आधी तुमच्या संग्रहाचे दोन भाग करा: एक, जे दुसरीकडे मिळू शकतं, दुसरा, जे फक्त तुमच्या माळ्यावर आहे. काम दुसऱ्या भागापासून सुरू करा. सीडी कपाटात निवांत राहू द्या.

आता डेस्कटॉपकडे येते, कारण या कामाला तो खरोखरच लागणार आहे.

ही यंत्रं एवढी स्वस्त का झाली ते आधी लक्षात घ्या, म्हणजे भाव करताना सोपं जाईल. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे बँका, कॉलेजं, कंपन्या यांनी चौथ्या, सहाव्या, सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं एकगठ्ठा काढून टाकायला घेतली. कार्यालयाला ती निरुपयोगी झाली. तुम्हाला त्यावर गाणं ठेवायचं आहे, आणि लिनक्सला, म्हणजे विंडोजच्या जागी घालता येणाऱ्या मोफत प्रणालीला, या पिढ्या अगदी सहज चालतात.

गाण्याला ताकद किती लागते? फारच कमी. सीडीच्या दर्जाचं गाणं सेकंदाला पाव मेगाबाइटही मागत नाही, आणि जुनीपुराणी हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला ५० मेगाबाइट सहज देते. तेव्हा ‘आय-फाइव्ह आहे’ या शब्दावर भाळू नका. आय-फाइव्ह २०१० चाही असतो आणि कालपरवाचाही. बघायची ती पिढी, आणि ती नावापुढच्या आकड्यात असते. आय-फाइव्ह ४५९० म्हणजे चौथी, ६५०० म्हणजे सहावी, ८५०० म्हणजे आठवी. नावापुढं तीनच आकडे असतील, जसं ६५०, तर ती पहिली पिढी. ती फुकट मिळाली तरी नको. तुमच्या पत्रात हा आकडाच नाही. ४,००० रुपये चौथ्या-सहाव्या पिढीला रास्त आहेत, पहिल्या-दुसऱ्या पिढीला फार झाले.

दर्जा उतरेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. फाइल जशीच्या तशी पोचते, ती २०१४ च्या यंत्रातून आली की नव्या, याचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. आवाजात फरक पडतो तो पुढं, जिथं आकड्यांचा पुन्हा आवाज होतो तिथं. काही जुन्या मशिनांच्या हिरव्या, स्पीकरच्या भोकातून अ‍ॅम्प्लिफायर जोडला की बारीक सूंऽऽ ऐकू येतं, माउस हलवला की किरकिर होते. तसं झालं तर यूएसबीवर चालणारा एक छोटा डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी डबी, घ्यायचा, की प्रश्न मिटला. मुद्दाम ‘संगीतासाठीचा’ म्हणून महाग कॉम्प्युटर घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

उलट तुमच्या कामासाठी जुना डेस्कटॉप एका बाबतीत नव्या लॅपटॉपपेक्षा सरस आहे. मागच्या बाजूला वाकून बघा. ऑडिओची तीन भोकं असतात: गुलाबी माइकचं, हिरवं स्पीकरचं आणि निळं ‘लाइन-इन’चं. टेपरेकॉर्डरमधला आवाज आत घ्यायचा तो त्या निळ्यातून. लॅपटॉपला हे भोक जवळपास नसतंच, हल्लीच्या चिमुकल्या मिनी पीसीलाही नसतं, रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरलाही नाही. म्हणजे मुलानं उद्या तुम्हाला सुबक नवी डबी आणून दिली, तरी कॅसेट उतरवायला वेगळं उपकरण घ्यावंच लागेल. दुकानात गेलात की पिढीच्या खालोखाल हे निळं भोक बघा. मोठ्या टॉवरला ते बहुधा असतं, बारीक मॉडेलांना असेलच असं नाही.

तीन का नकोत, तेही सांगते. सुट्ट्या भागांचा हिशेब ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण जुन्या डेस्कटॉपचं जातं काय? हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय, पंखा आणि आतला नाण्याएवढा सेल. सेल किरकोळ किमतीत मिळतो. दुसऱ्या दोन यंत्रांमधल्या डिस्कही तेवढ्याच म्हाताऱ्या, त्या सुटा भाग म्हणून ठेवण्यात हशील नाही. राहिला पॉवर सप्लाय. डेल, एचपी, लेनोव्होच्या कार्यालयीन मॉडेलांत तो बऱ्याचदा त्या-त्या कंपनीच्या खास मापाचा आणि खास जोडणीचा असतो; तिन्ही यंत्रं हुबेहूब एकाच मॉडेलची नसतील तर एकाचा दुसऱ्याला बसेलच याची खात्री नाही. रॅमचंही तसंच, चौथ्या पिढीत बहुतेक डीडीआर-३, सहाव्यात बहुतेक डीडीआर-४, आणि एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही. वर, शुक्रवार पेठेतल्या घरात दोन बंद टॉवर ठेवणार कुठं? खाली ठेवले तर पुढच्या पुराची धास्ती, वर ठेवले तर वहिनी म्हणतात ते डबड्याचंच खरं होणार. आणि टाकायची वेळ आली की तो ई-कचरा. २०२२ च्या नियमांनी तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवा. प्रत्यक्षात तो भंगारात जातो आणि तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात. न लागणारं यंत्र घरात आणूच नये हे बरं.

एका परिस्थितीत मी दोन घ्या म्हणेन: दोन्ही तंतोतंत एकाच मॉडेलची असतील, दुसरं हजार-दीड हजारात मिळत असेल आणि ठेवायला वरच्या मजल्यावर कोरडी जागा असेल. तिसऱ्याचं काहीच कारण नाही.

दुकानात तपासताना संकोच करू नका. उद्यमनगरात कोणी जुनं लेथ मशिन चालवून बघितल्याशिवाय उचलत नाही, इथंही तोच रिवाज पाळा. बाजूचा पत्रा उघडायला सांगा. मदरबोर्डावर लहान डब्यांसारखे कॅपॅसिटर उभे असतात. त्यांची डोकी सपाट हवीत. एखादं फुगलेलं असेल, वर तपकिरी चिकट डाग असेल, तर ते यंत्र बाजूला. धूळ असली तर हरकत नाही, ती ब्रशनं जाते. जळका वास येत असेल तर मात्र निघून या. यंत्र चालू करून अर्धा तास तसंच चालू द्या आणि पंख्याच्या आवाजाकडे कान ठेवा. तुमचे कान गाण्यात तयार झालेत, बेअरिंग गेलेल्या पंख्याची लय तुम्हाला लगेच कळेल. बंद करून पुन्हा चालू करताना सेटिंगच्या पानावर, ज्याला बायोस म्हणतात, पासवर्ड मागतोय का ते बघा. मागत असेल तर आधीच्या कार्यालयानं घातलेलं कुलूप निघालेलं नाही. दुकानदाराला ते काढून द्यायला सांगा, नाहीतर घेऊ नका. सगळ्या यूएसबी भोकांत पेन ड्राइव्ह घालून बघा, नेटवर्कची वायर लावून दिवा लागतो का बघा.

हार्ड डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. पेन ड्राइव्हवर घेऊन जा. त्यात ‘पॉवर-ऑन अवर्स’ म्हणून आकडा दिसतो. आठ वर्षांच्या यंत्रावर २०–२२ हजार तास दिसले, तर ते कार्यालयाच्या वेळेपुरतं चाललेलं आहे. ६०–७० हजार दिसले, तर रात्रंदिवस चालू होतं, आणि डिस्कबरोबर पंखा आणि पॉवर सप्लायही तेवढाच झिजलाय. ‘रिअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरांपुढं शून्य नसेल तर डिस्क जायला लागली आहे. खरं तर या जुन्या डिस्कवर तुम्ही एकही गाणं ठेवायचं नाहीच. पण यंत्राचं आयुष्य कसं गेलं ते या आकड्यांतून कळतं आणि भाव पाडायलाही उपयोग होतो.

बिल घ्या, त्यावर यंत्राचा सीरियल नंबर लिहून घ्या, निदान महिन्याभराची हमी लिहून घ्या. आणि लिनक्स घालताना डिस्क पूर्ण पुसून घ्या. कार्यालयांतून निघालेल्या यंत्रांवर कधीकधी लोकांची कागदपत्रं तशीच राहिलेली असतात. तुमची हयात बँकेत गेलीय, त्याचं गांभीर्य तुम्हाला मी सांगायला नको.

विजेचा हिशेब तुम्ही पत्रात केला नाही, तो करून देते. जुना टॉवर नुसता चालू ठेवला, तर साधारण ५० वॉट धरा. चोवीस तास, महिनाभर: ३६ युनिट. महावितरणच्या बिलात १०० युनिटांनंतर दराचा टप्पा बदलतो, ३०० नंतर पुन्हा बदलतो. तुम्ही सीमेवर असाल, तर हे ३६ युनिट चढ्या दरानं बसतील. हे टाळायला लोक महागडा मिनी पीसी घेतात. तो १० वॉट घेतो, म्हणजे महिन्याला ७ युनिट. पण मला सांगा, सर्व्हर चोवीस तास चालू पाहिजे हे ठरवलं कुणी? तुमच्या घरात गाणं सकाळी आणि संध्याकाळी ऐकलं जाणार. तोच जुना टॉवर दिवसाला चार तास चालवला, तर महिन्याचे ६ युनिट होतात, चोवीस तास चालणाऱ्या मिनीपेक्षाही कमी. कार्यालयीन मॉडेलांच्या बायोसमध्ये ठरावीक वेळी आपोआप चालू व्हायची सोय बहुधा असते. पहाटे साडेपाचला चालू, साडेसातला बंद, संध्याकाळी बटण दाबून. रात्री घरघर नाही, आणि वहिनींची निम्मी तक्रार तिथंच मिटते. उरलेली निम्मी जागेची. यंत्र बैठकीत ठेवायची गरज नाही. राउटरपासून एक लॅन केबल टाकून ते वरच्या मजल्यावर, जमिनीपासून दोन हात उंच फळीवर ठेवा. २०१९ नंतर २०२१ च्या जुलैतही पाणी आलं होतं, त्यामुळे तळमजला या कामाला वर्ज्यच समजा. वळवाचा कडकडाट सुरू झाला की विजेचा प्लग आणि लॅन केबल, दोन्ही काढायची सवय घरात सगळ्यांना लावा. विजेचा झटका केबलमधूनही आत येतो. इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा, म्हणजे वीज गेली तरी यंत्र बसणार नाही.

वाचलेल्या पैशांचं काय करायचं? तीन यंत्रांचे साडेदहा हजार तुम्ही मनात खर्च करून टाकलेच होते. चारांत एक यंत्र आलं. उरलेल्यात लिनक्ससाठी एक छोटी नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) आणि गाण्यांसाठी एक नवी डिस्क बघा. जागा किती लागेल तेही मोजू. एक सीडी फ्लॅक स्वरूपात, म्हणजे काहीही न गमावता आवळून, सुमारे ३५० मेगाबाइट होते. ३५० सीडींचे १२० जीबीच्या आसपास. कॅसेटी चांगल्या दर्जानं उतरवल्या, तर तासाला ६००–७०० मेगाबाइट. २०० कॅसेटींचे फार तर दीडशे-दोनशे जीबी. १ टीबीत सगळं ऐसपैस बसतं. बारा-सोळा टीबीच्या गप्पा मारणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, त्यांना सिनेमे साठवायचे असतात. एकाच आकाराच्या मोठ्या दोन डिस्कपेक्षा १ टीबीच्या साध्या तीन प्रती तुमच्या जास्त कामाच्या: एक यंत्रात, एक घरात कपाटात, एक गावाबाहेर. गावाबाहेरची पुण्याला मुलाकडे द्या. एकाच वेळी तिन्ही घेणं बजेटबाहेर जात असेल, तर तिसरी दिवाळीला घ्या, पण यंत्रातली आणि पुण्यातली या दोन पहिल्या दिवसापासून हव्यात. एकाच यंत्रात दोन डिस्क जोडून ‘आपोआप प्रत होते’ असं कुणी सांगेल. चुकून पुसलेलं गाणं त्या दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसलं जातं, आणि पाणी शिरलं तर दोन्ही एकदमच भिजतात.

आता कॅसेटी. खोकी माळ्यावरून खाली काढा. प्रत्येक कॅसेटच्या काचेतून टेपची कड बघा. पांढरट भुकटीसारखं काही दिसलं, तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि वाजवू नका, नाहीतर बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाईल. वरच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन चिमुकले तुकडे शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी वडिलांचं ध्वनिमुद्रण पुसलं जाणार नाही. आत टेपमागं फेल्टची बारीक गादी असते, ती गळून पडली असेल तर आवाज दबका येतो. ती दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवता येते.

वाजवायचं कशावर? बाजारात वॉकमनसारखं यूएसबीचं स्वस्त यंत्र मिळतं, ‘कॅसेट लावा, एमपी-थ्री घ्या’. ते घेऊ नका. त्याचा वेग डगमगतो आणि तानपुरा डगमगलेला तुम्हाला पाच मिनिटंही सोसणार नाही. तुम्ही लिहिलंत तो बिघडलेला टेपरेकॉर्डर वडिलांचाच आहे ना? ज्यावर त्यांनी मुद्रण केलं तोच? मग त्याच्याइतकं योग्य यंत्र दुसरं नाही. टेपला टेकणारं हेड प्रत्येक यंत्रात किंचित वेगळ्या कोनात बसलेलं असतं. ज्या कोनात मुद्रण झालं त्याच कोनात वाजलं, तर वरचे स्वर स्वच्छ येतात. बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये बहुतेक वेळा रबरी बेल्ट सैल पडलेला किंवा विरघळलेला असतो, दाबणारा रबरी रोलर कडक झालेला असतो. जुने रेडिओ-टेप दुरुस्त करणारा कारागीर शोधा, बेल्ट आणि रोलर बदलून घ्या, हेड स्पिरिटनं पुसून घ्या. त्याच्याशी बोलताना लाइन-आउट आहे का तेही विचारा. नसेल तर इअरफोनच्या भोकातून आवाज कमी ठेवूनही काम भागतं.

टेपरेकॉर्डर आणि कॉम्प्युटर दोन्ही एकाच बोर्डावर लावा, नाहीतर गुणगुण येते. उतरवायला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. आवाजाची पट्टी गाणं अगदी टिपेला जाईल तेव्हाही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवून घ्या, चिकटलेले थर सुटतात. मग बाजू लावा आणि पूर्ण होऊ द्या. घाई करता येत नाही: नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते. रोज एक म्हटलं तरी सहा-सात महिन्यांचं काम आहे. मला विचाराल तर निवृत्तीच्या पहिल्या वर्षाला याहून चांगलं काम नाही.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. मूळ प्रतीवर खरखर काढणारं बटण वापरू नका. सॉफ्टवेअरला टेपची सळसळ आणि तानपुऱ्याचे वरचे सूक्ष्म स्वर यांतला फरक नीट कळत नाही. खरखर जाते आणि तिच्याबरोबर तानपुऱ्याची झळाळी जाते, गायकाचा श्वास जातो. जसं आहे तसं ठेवा, साफसूफ करायची ती दुसऱ्या प्रतीवर. गाण्याआधीची जुळवाजुळव, मधली दाद, कुणाचं तरी खोकणं, चहा आला म्हणून थांबलेली बैठक, यांतलं काही कापू नका. तबल्याला कोण आणि पेटीला कोण, हे पुष्कळदा त्या बोलण्यातूनच कळतं.

आणि इथं आईंची गाठ पडते. पत्रात तुम्ही त्यांना ‘ऐकणाऱ्या’ म्हणून मोजलंत. माझ्या मते त्या या कामातल्या सगळ्यात महत्त्वाच्या माणूस आहेत. वडिलांनी कव्हरवर ‘यमन, शनिवार’ एवढंच लिहिलेलं असेल, तर कुणाचा यमन आणि कुणाच्या घरी, हे सांगू शकणारं माणूस आज घरात एकच आहे. कव्हरांचे फोनवर फोटो काढा, अक्षरासकट. उतरवताना आईंना शेजारी बसवा, पहिली पाच मिनिटं ऐकवा, त्या जे सांगतील ते तिथंच वहीत लिहा. ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही त्या कॅसेटी आधी घ्या.

त्यांच्या रोजच्या ऐकण्यासाठी मात्र सर्व्हरची वाट बघू नका. तो झाला तरी फोनवरचं अ‍ॅप उघडून त्या गाणं लावतील का? टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला, की बाजारातून विकत घेतलेल्या नाट्यसंगीताच्या कॅसेटी त्यावर त्या स्वतः लावू शकतील. ते बटण त्यांच्या हाताला माहीत आहे. वडिलांची मूळ मुद्रणं तेवढी त्यावर पुन्हा-पुन्हा वाजवायची नाहीत. नंतर त्यांच्या आवडीची गाणी पेन ड्राइव्हवर घालून पेन ड्राइव्ह लागणारा एक साधा स्पीकर द्या, मोठ्या बटणाचा.

सर्व्हरचं सॉफ्टवेअर हा सगळ्यात सोपा भाग, म्हणून थोडक्यात. डेबियन लिनक्स घाला. फोनवर ऐकायचं असेल तर नॅव्हिड्रोम, खोल्याखोल्यांत वेगवेगळे प्लेअर लावायचे असतील तर लिरियन, जे पूर्वी लॉजिटेक मीडिया सर्व्हर म्हणून ओळखलं जायचं. दोन्ही मोफत आणि हलकी. गल्लीतल्या इंजिनिअरिंगच्या एखाद्या पोराला किंवा पोरीला दोन संध्याकाळी बसवा, मानधन द्या, आणि त्यांनी काय केलं ते पायरीपायरीनं वहीत लिहून घ्या. नावं देताना एकच पद्धत धरा. ही सॉफ्टवेअरं ‘गायक, अल्बम, गाणं’ अशा चौकटीत विचार करतात, आपलं गाणं तीत नीट बसत नाही. गायकाच्या जागी गायक, गाण्याच्या जागी राग आणि बंदिशीचे पहिले शब्द, अल्बमच्या जागी ठिकाण आणि वर्ष, शेऱ्यात साथीदार असं ठेवलंत तर पुढं शोधता येतं. मराठीत लिहायचं ठरवलं तर सगळं मराठीतच लिहा. एकच गायक देवनागरीत एकदा आणि रोमनमध्ये एकदा आला की यादीत त्याची दोन माणसं होतात.

ही मुद्रणं थेट यूट्यूबवर टाकू नका, मोह झाला तरी. खासगी बैठकीत कलाकार मोकळेपणानं गायलेले असतात, कधी काही नवं आजमावून बघत असतात. त्यांच्या घरच्यांचा पत्ता लागत असेल तर त्यांना आधी एक प्रत द्या आणि त्यांची संमती विचारा. देवल क्लबातल्या बैठकींबद्दल क्लबमध्ये जाऊन बोला.

मुलाशी वाद घालू नका. सर्व्हर दाखवून त्याचं मन वळवायचा प्रयत्नही नको. आजोबांच्या एका कॅसेटमधली दहा मिनिटं उतरली की त्याला पाठवा, ज्यात आजोबांचा ‘वाह’ ऐकू येतो अशी. आणि दुसरी प्रत सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर टाका, दर सहा महिन्यांनी कोल्हापूरला येताना ती डिस्क आणायची आणि नवी भर घालून न्यायची.

आता दुकानदाराला फोन करून तीन गोष्टी विचारा: प्रोसेसरचा पूर्ण आकडा, मागं निळं भोक आहे का, आणि तिन्ही यंत्रं एकाच मॉडेलची आहेत का. आकडा चार अंकी असून चारनं किंवा त्याहून मोठ्या अंकानं सुरू होत असेल आणि भोक असेल, तर जाऊन एक तपासून आणा. तिसऱ्या पिढीचं निघालं, तर तीन हजारांच्या आत मिळालं तरच घ्या. त्याहून जुनं असेल तर नम्रपणे नाही म्हणा आणि महिनाभर थांबा. कार्यालयांतून यंत्रं निघतच आहेत, राजारामपुरीत दुसरा गठ्ठा येईल. तोवर टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाका.